पाझर, गळती आणि भुईखालची पडदी : जालना जिल्ह्यातील जलपरिभाषेचे एक परीक्षण

१

शास्त्रीय परिभाषेची मराठीतील चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे. शब्द संस्कृतातून घडवावा, लोकभाषेतून उचलावा की इंग्रजीतून जसाच्या तसा घ्यावा, हा तो प्रश्न होय. ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून या प्रश्नाच्या तिन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु शब्द कोठून आला याचा शोध घेताना, तो शब्द काय सांगतो आणि काय झाकतो, ही चौकशी मागे पडते. परिभाषेचे खरे परीक्षण या दुसऱ्या चौकशीतच होते. जमिनीखालून सरकणारे पाणी अडवण्यासाठी जमिनीखालीच बांधावयाच्या भिंतीची परिभाषा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे; आणि ती तपासण्यास जालना जिल्हा हे योग्य क्षेत्र आहे.

१ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके घेऊन हा जिल्हा निर्माण झाला. गोदावरी त्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. पूर्णा, दुधना व कुंडलिका या त्याच्या आतल्या नद्या होत. वार्षिक पर्जन्यमान सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास असून ते बहुतांशी चार महिन्यांत उरकते. भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग ठिसूळ मांजऱ्या खडक आणि त्याखाली भेगाळलेला किंवा अभंग पाषाण, असा विहीर खणणाऱ्यास परिचित असलेला क्रम येथे आढळतो. पाणी साठते ते मुरुमात, मांजऱ्यात आणि भेगांत. हा साठा उथळ असून तो एका जागी स्थिर राहत नाही. उताराच्या दिशेने ओढ्याकडे व ओढ्यातून नदीकडे तो सरकत राहतो. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्याची जी दैना झाली ती महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. अशा प्रदेशात भुईखालचे पाणी कोठे अडवावे हा केवळ स्थापत्याचा प्रश्न राहत नाही. एकाच्या विहिरीला रब्बीपर्यंत पाणी पुरणे आणि दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी पौषातच तुटणे, एवढा त्याचा परिणाम असू शकतो. म्हणून त्या भिंतीला कोणत्या नावाने ओळखले जाते याला महत्त्व आहे.

२

प्रथम वस्तूचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. ज्या दोन रचनांचा येथे विचार करावयाचा आहे त्या कार्याने सारख्या, परंतु घडणीने भिन्न आहेत.

पहिली रचना ही मोठ्या धरणांच्या पायाखाली, नदीकाठच्या खोल गाळात किंवा शहरातील खोल खोदकामांभोवती बांधली जाते. अरुंद व खोल चर खणीत असतानाच तो बेंटोनाइट नावाची चिकणमाती पाण्यात कालवून केलेल्या पातळ राबडीने भरलेला ठेवतात. ही राबडी पाण्याहून किंचित जड असते व तिची पातळी भूजलाच्या पातळीहून वर राखली जाते. तिच्या दाबामुळे चराच्या बाजू ढासळत नाहीत. शिवाय ती बाजूच्या मातीत थोडी शिरून दुधावरच्या सायीसारखा एक पापुद्रा तयार करते व तो पापुद्रा पाणी आत येऊ देत नाही. यामुळे चरातील पाणी न उपसताही पुष्कळ खोलवर खणता येते. चर पुरा झाला की माती व बेंटोनाइट यांचे मिश्रण, सिमेंट व बेंटोनाइट यांचे मिश्रण किंवा काँक्रीट त्यात भरतात. राबडी वर ढकलली जाते आणि भुईखाली एक अखंड भिंत उभी राहते. विसाव्या शतकाच्या मध्यास इटलीत मिलान येथे ही पद्धत विशेष विकसित झाली. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राचा पाया हडसन नदीच्या पाण्यापासून सुरक्षित राखण्यासाठी १९६७ पासून बांधलेली भिंत याच जातीची होती.

दुसरी रचना जालन्यासारख्या जिल्ह्यात ‘भूमिगत बंधारा’ या नावाने ओळखली जाते. उन्हाळ्यात ओढा कोरडा असताना त्याच्या पात्रात आडवा चर खणतात. वाळू, गाळ व मुरूम ओलांडून पक्का थर लागेपर्यंत तो खाली नेतात व चिकणमाती, प्लॅस्टिकचा जाड कागद किंवा काँक्रीट यांची भिंत त्यात उभी करून पात्र पूर्ववत बुजवतात. भिंतीचा माथा ओढ्याच्या तळाच्या काहीसा खाली ठेवण्याची रीत आहे. पावसाळा सरल्यावर पात्राखालून निघून जाणारे पाणी भिंतीपाशी तुंबते व वरच्या बाजूच्या विहिरींची पातळी टिकते. तुंबलेले पाणी माथ्यापर्यंत आले की उरलेले माथ्यावरून पुढे सरकते. या माथ्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

या दोन रचनांना जोडणारा एक दुवा लक्षात घेण्याजोगा आहे. बेंटोनाइट हे नाव १८९८ मध्ये अमेरिकेतील वायोमिंग प्रांतातील बेंटन नामक खडकथरावरून पडले. त्याचा मुख्य घटक मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे नाव फ्रान्समधील मॉन्टमोरिलोन या गावावरून १८४७ मध्ये पडले. याच कुळातील खनिजे दख्खनच्या काळ्या मातीत विपुल आहेत. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पहिल्या पावसात फुगून भेगा बुजवणारी जालन्याची काळी माती व मिलानच्या चरातील राबडी यांचे गोत्र एक आहे. भेद आहे तो प्रमाणाचा : फुगण्यासाठी प्रसिद्ध असलेले बेंटोनाइट सोडियमयुक्त असते, तर आपल्या काळ्या मातीतील खनिजे बहुशः कॅल्शियमयुक्त असल्याने त्या मानाने कमी फुगतात. काळ्या मातीची भिंत कोरडी पडली तर तडकते हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. सारांश, वस्तू परकी वाटली तरी तिच्यामागील ज्ञान येथील भाषेस अपरिचित नाही. मग तिचे नाव अपरिचित का असावे?

३

पहिल्या रचनेस मराठी अभियंते ‘स्लरी वॉल’ किंवा ‘डायफ्राम वॉल’ म्हणतात. इंग्रजी शब्द स्वीकारण्यास तत्त्वतः हरकत नाही. ‘मुरूम’ हा आपला शब्द भारतातील इंग्रजी स्थापत्यलेखनाने स्वीकारलाच आहे. अडचण निराळीच आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत ‘स्लरी’ हा शब्द आधीच रुळलेला असून त्याचा अर्थ गोबरगॅसच्या टाकीतून निघणारी शेणाची राबडी किंवा पिकास द्यावयाचे शेणगोमूत्राचे द्रावण असा होतो. तेथे ‘स्लरी भिंत’ म्हटल्यास श्रोत्याच्या मनात शेणाने लिंपलेली भिंत उभी राहील. याखेरीज इंग्रजी नावातच एक दोष आहे. राबडी हे बांधकामाचे तात्पुरते साधन होय. तयार भिंतीचे द्रव्य बहुधा वेगळे असते. साधनावरून साध्यास दिलेले नाव भाषांतरात तसेच आणले तर तो दोषही सोबत येतो.

संस्कृतातून ‘कर्दमभिंत’ असा शब्द घडवता येईल. परंतु तो अभियंत्यासही समजणार नाही आणि शेतकऱ्यासही नाही. गवंड्याच्या भाषेत मात्र एक चपखल शब्द तयार आहे. घरातील दोन खोल्यांमधली, छपराचा भार न घेणारी पातळ भिंत ती ‘पडदी’. पाणी अडवण्यापुरती उभारलेली भुईखालची भिंतही इमारतीचा भार घेत नाही. तिचे काम केवळ अलीकडचे व पलीकडचे वेगळे करणे हे असते. जेथे ती काँक्रीटची असून बाजूच्या मातीचा रेटाही पेलते, तेथे तिला ‘भिंत’ म्हणावे. चिकणमातीची पडदी आणि काँक्रीटची भिंत, असा भेद केल्यास इंग्रजीत एका नावाखाली मिसळलेल्या दोन गोष्टी मराठीत वेगळ्या दिसू लागतील. परिभाषा मूळ शब्दाहून अधिक नेमकी होऊ शकते याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

‘भूमिगत बंधारा’ या नावाची स्थिती वेगळी आहे. ते आता रूढ झाले असून ते बदलण्याचा खटाटोप व्यर्थ ठरेल. परंतु त्याचे परीक्षण अवश्य झाले पाहिजे. ‘भूमिगत’ या विशेषणास मराठीत १९४२ च्या आंदोलनापासून एक विशिष्ट छटा लाभली आहे. भूमिगत कार्यकर्ता म्हणजे ज्याचा ठावठिकाणा सरकारास लागत नाही असा. बंधाऱ्याच्या बाबतीत ही छटा उपरोधाने खरी ठरते : ठावठिकाणा सरकारच्या नोंदवहीत असतो, परंतु ओढ्याकाठी राहणाऱ्यास तो दिसत नाही. ‘बंधारा’ हा शब्दही दिशाभूल करणारा आहे. ओढ्यावरील बंधाऱ्यात पाणी दिसते, ते मोजता येते, त्याच्या फळ्या काढता व घालता येतात. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्यांवरून गावात वाद होतो, कारण वाद करण्यासारखे काही डोळ्यांसमोर असते. भुईखालच्या भिंतीला फळ्या नसतात. एकदा पात्र बुजवले की वादाचा विषयच दृष्टीआड होतो आणि ‘बंधारा’ हे ओळखीचे नाव, सर्व काही नेहमीसारखेच आहे, असा दिलासा देत राहते.

४

नावांकडून क्रियापदांकडे वळल्यास मराठीची या क्षेत्रातील श्रीमंती दिसून येते. पाणी मातीतून सरकते या एकाच घटनेस मराठीत किमान पाच क्रियापदे आहेत : मुरणे, जिरणे, झिरपणे, पाझरणे आणि गळणे. सामान्य कोशांत ती परस्परांच्या अर्थछटा म्हणून दिली जातात. वस्तुतः त्यांच्यात पाहणाऱ्याच्या स्थानाचा भेद आहे.

‘मुरणे’ व ‘जिरणे’ ही प्रवेशाच्या बाजूने पाहणारी क्रियापदे होत. मुरते ते आत जाऊन टिकते व टिकता टिकता पालटते. लोणचे मुरते, माणूस धंद्यात मुरतो. जिरते ते आत जाऊन नाहीसे होते. अन्न जिरते, ताठा जिरतो. ‘झिरपणे’ हे मधल्या प्रवासाचे क्रियापद आहे. माध्यमातून होणाऱ्या संथ गतीवर त्याचा भर असतो. ‘पाझरणे’ निर्गमाच्या बाजूने पाहते. संस्कृत ‘प्र’ उपसर्गयुक्त ‘क्षर्’ धातू, प्राकृतातील ‘पज्झर’ आणि मराठी ‘पाझर’ ही परंपरा स्पष्ट असून हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘क्षर्’ धातूच्या आदेशांत ‘झर’ व ‘पज्झर’ हे दोन्ही नोंदवले आहेत. ज्या शब्दकुळातून ‘झरा’ आला त्यातूनच ‘पाझर’ आला. म्हणून पाझर ‘फुटतो’, आणि दगडाला पाझर फुटणे हे करुणेचे लक्षण ठरते. ‘गळणे’ हे मात्र भांड्याच्या मालकाचे क्रियापद आहे. घागर गळते, छप्पर गळते. जे गळते ते असायला हवे होते तेथून गेले आणि दोष पात्राचा आहे, असे हे क्रियापद सुचवते.

आता जालन्यातील एका उताराची कल्पना करावी. माथ्यावरच्या शेतात पाणी मुरते. मधल्या मुरुमातून ते झिरपते. पायथ्याच्या विहिरीत ते पाझरते. आणि वरच्या बाजूस तलाव असल्यास, त्या तलावाच्या नोंदवहीत तेच पाणी गळते. पाणी एकच, परंतु क्रियापद बदलले की पाण्यावर हक्क सांगणारा बदलतो. भुईखालची भिंत या साखळीतील झिरपण्याच्या टप्प्यावर उभी असते. तिच्या वरच्या शेतकऱ्याच्या लेखी ती गळती थांबवते. खालच्याच्या लेखी ती पाझर तोडते. दोघांचीही वाक्ये व्याकरणशुद्ध आणि सत्य आहेत.

या कसोटीवर शासकीय परिभाषेतील एक जुना शब्द उत्तम उतरतो. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर महाराष्ट्रात ज्या तलावांची कामे मोठ्या प्रमाणावर झाली त्यांना ‘पाझर तलाव’ हे नाव मिळाले. इंग्रजी शब्दाचे शब्दशः भाषांतर करावयाचे तर ‘झिरप तलाव’ म्हणता आले असते. परंतु येथे निर्गमाच्या बाजूचा शब्द निवडला गेला. तलाव वरच्या गावच्या शिवारात असला तरी त्याचे फळ खालच्या विहिरींत फुटावयाचे आहे, ही गोष्ट नावातच आली. ‘भूमिगत बंधारा’ या नावात असे कोणतेही स्थान नाही. कोणासाठी, हेही त्यात नाही आणि कोणापासून, हेही नाही.

५

ज्या भाषेत पाच क्रियापदे आहेत त्या भाषेतील अहवाल एकाच शब्दावर भागवू लागले तर काय होते, हे तीन उदाहरणांवरून पाहता येईल.

पहिले उदाहरण धरणाचे. मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपणे स्वाभाविक असते. ते निवळ असेल आणि वाळू व खडीच्या थरांतून बाहेर पडण्याची सोय असेल तर त्यापासून भय नसते. भय असते ते गढूळ पाण्याचे. बाहेर पडणारे पाणी मातीचे कण सोबत नेऊ लागले की आत पोकळी तयार होते, ती मागे मागे तलावाकडे सरकते आणि अखेर धरण फुटते. म्हणजे येथे निर्णायक भेद प्रमाणाइतकाच रंगाचाही आहे. परंतु वर्तमानपत्रे व शासकीय पत्रव्यवहार या दोन्ही अवस्थांना ‘गळती’ हा एकच शब्द वापरतात. सर्वच धरणे ‘गळतात’ असे म्हटल्यावर कोणत्या गळतीस घाबरावे हे भाषा सांगेनाशी होते. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि त्याखालच्या वस्तीतील अनेकांचे प्राण गेले. धरणातून पाणी गळत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधी केल्या होत्या. फुटीनंतर खेकड्यांनी भोके पाडल्याचे कारणही पुढे करण्यात आले. त्या आपत्तीची कारणे ठरवणे हा भाषाभ्यासाचा अधिकार नव्हे. परंतु ‘निवळ पाझर’ आणि ‘गढूळ गळ’ असे दोन शब्द नोंदवहीच्या दोन रकान्यांत असते, तर ग्रामस्थाच्या तक्रारीला अभियंत्याच्या भाषेत आपोआप स्थान मिळाले असते, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

दुसरे उदाहरण कालव्याचे. पैठण येथील जायकवाडी धरणाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. कालव्यातून जमिनीत जाणाऱ्या पाण्यास शासकीय मराठीत ‘वहनव्यय’ म्हणतात. हा शब्द हिशोबनिसाचा आहे; जे पाणी ठरलेल्या चारीस पोचले नाही ते खर्ची पडले, असा त्याचा अर्थ. कोणत्याही कालव्याकाठच्या विहिरीच्या मालकास तेच पाणी म्हणजे पाझर असते. नीरा खोऱ्यात कालव्याच्या अस्तरीकरणास काठच्या शेतकऱ्यांनी अलीकडे केलेला विरोध हा या दोन शब्दांमधील विरोध होता. अस्तरीकरण योग्य की अयोग्य, हे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरीही विचारात घेऊन ठरवावे लागेल, कारण ज्याला काठचा शेतकरी पाझर म्हणतो तेच टोकाच्या शेतकऱ्याचे न पोचलेले पाणी असते. परंतु ‘व्यय’ या शब्दाने एका पक्षाची बाजू चर्चेआधीच रद्द होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

तिसरे उदाहरण खास जालन्याचे आहे. जालना तालुक्यातील कडवंची येथे १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली, मराठवाडा शेती सहाय्य मंडळाच्या पुढाकाराने, माथा ते पायथा असे काम झाले. समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यांवरील बांध या सर्वांचे उद्दिष्ट पाणी मुरवणे हे होते आणि त्या कामाचे यश सर्वमान्य आहे. पुढे गावात द्राक्षबागा वाढल्या व शेततळ्यांची संख्या शेकड्यांवर गेली. ‘शेततळे’ हा शब्द ऐकणाऱ्यास पावसाचे पाणी धरणारा खड्डा डोळ्यांपुढे येतो. परंतु महाराष्ट्रभर जी शेततळी आता दिसतात त्यांतील पुष्कळांना प्लॅस्टिकचे अस्तर असते. पाणी जमिनीत जाऊ नये हाच त्या अस्तराचा हेतू होय. आणि अनेक ठिकाणी अशी तळी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वर उचलून भरली जातात. एका शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बागेचा विमा आहे व त्याला दोष देता येत नाही. परंतु जमिनीत पाणी घालणारे तळे आणि जमिनीतून पाणी काढून ठेवणारे तळे यांना एकच नाव असणे, हा परिभाषेचा गंभीर दोष होय. ‘इतकी शेततळी झाली’ हे वाक्य भूजल वाढल्याचे सांगते की उपसल्याचे, हे त्या वाक्यावरून कळू शकत नाही. अस्तराचे तळे ही, विचार केला तर, चारी बाजूंनी व तळातून घातलेली पडदीच आहे.

६

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे महाराष्ट्रातील जलसंधारणाचे सर्वतोमुखी झालेले घोषवाक्य. त्याची लय व सोपेपणा यांविषयी दुमत नाही. व्याकरणदृष्ट्या पाहता त्यात दोन आज्ञार्थी क्रियापदे व एक कर्म आहे. ‘अडवणे’ या क्रियेस अपादानाची, म्हणजे कशाकडून किंवा कोणापासून, याची आकांक्षा असते. ‘जिरवणे’ या क्रियेस स्थळाची व ज्याच्यासाठी ती करावयाची त्याची. घोषवाक्यात ही कारके लोपलेली आहेत. घोषवाक्याने ती सांगावीत अशी अपेक्षाही कोणी करणार नाही. परंतु लोकभाषा रिकामी जागा रिकामी ठेवीत नाही. ‘पाणी अडवा आणि एकमेकांची जिरवा’ हे विडंबन सर्वत्र ऐकू येते. ‘जिरवणे’ या प्रयोजक क्रियापदाचा दुसरा अर्थ, खोड मोडणे, त्यात वर येतो. हा केवळ विनोद समजून सोडून देण्यासारखा नाही. घोषवाक्याने गाळलेले कारक लोकांनी आपल्या अनुभवाने भरले आहे.

नामसमासांचेही असेच आहे. समासात विभक्तिप्रत्यय लोपतो हे व्याकरणाच्या प्रारंभिक विद्यार्थ्यासही ठाऊक असते. ‘पाझर तलाव’ म्हणजे पाझरासाठी तलाव, तर ‘पाझरबांध’ असा शब्द कोणी घडवल्यास त्याचा अर्थ पाझराला घातलेला बांध असा होईल. बाह्य रूप एक, विग्रह भिन्न. धोरणाच्या भाषेत असे समास मोठ्या संख्येने येतात : जलयुक्त शिवार, टंचाईमुक्त गाव, भूमिगत बंधारा. ५ डिसेंबर २०१४ च्या शासननिर्णयाने सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण, सिमेंट नालाबांध इत्यादी कामे एका नावाखाली एकत्र आली. त्यांतील काही पाणी मुरवतात, काही पाणी वर खेचून उघडे करतात, काही केवळ धरून ठेवतात. या अभियानाच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिच्यात भाषाभ्यासाने घालावयाची भर एवढीच, की समासाचा विग्रह केल्याशिवाय त्यातील हितसंबंध दिसत नाहीत.

कायद्याची भाषाही येथे साहाय्यास येत नाही. सुविधाधिकारांविषयीच्या १८८२ च्या अधिनियमातील एका दृष्टान्तानुसार, निश्चित प्रवाहमार्गाने न जाणारे आपल्या जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क जमीनमालकास आहे. पाझराला निश्चित प्रवाहमार्ग नसतो; म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पाझर हा प्रवाहच नव्हे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून अमलात आला व त्याने भूजलाकडे सामाईक साठा म्हणून पाहण्याची दिशा धरली. परंतु साठा या शब्दातही एक स्थिर चित्र आहे. जालन्याच्या उतारावरील पाणी साठ्यासारखे वागत नाही. ते वरच्याकडून खालच्याकडे जात असते, आणि ‘वरचा’ व ‘खालचा’ हे शब्द कायद्याहून गावाच्या भाषेत अधिक जिवंत आहेत.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. शब्द बदलल्याने विहिरीचे पाणी वाढत नाही. भिंत योग्य जागी आणि योग्य खोलीवर बांधली की काम झाले, मग तिला काहीही म्हणा. आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करावा लागेल. पक्क्या थरापर्यंत न पोचलेली भिंत कोणत्याही नावाने पाणी धरणार नाही, आणि उन्हात तडकलेली काळी माती ‘पडदी’ म्हटल्याने सांधली जाणार नाही. परंतु उत्तरार्ध टिकत नाही. ‘योग्य’ म्हणजे कोणासाठी योग्य, हा प्रश्न त्यात गृहीत धरला आहे, आणि तो प्रश्न अभियंत्याच्या मापाने सुटणारा नाही.

वर उल्लेखिलेला माथा येथे पुन्हा आठवावा. भिंतीचा माथा ओढ्याच्या तळाखाली दोन फूट ठेवला की चार फूट, यावर किती पाणी तुंबेल व किती पुढे जाईल हे अवलंबून असते. तेच माप खालच्या विहिरीचा वाटा ठरवते. भूमिगत बंधाऱ्याच्या न्यायान्यायाचा सारा विचार या एका आकड्यात साठवलेला असतो, आणि बांधकाम बुजवल्यावर सर्वप्रथम दृष्टीआड होतो तोही हाच आकडा. कामाच्या फलकावर योजनेचे नाव, खर्च व भिंतीची लांबी येऊ शकते. त्या फलकावरील वाक्य पुढील प्रकारचे असावयास हवे : ‘अमुक ओढ्याच्या तळाखाली इतक्या फुटांवर माथा असलेली, अमुक विहिरींचे पाणी टिकवण्यासाठी व अमुक विहिरींकडे जाणारा पाझर अंशतः अडवून बांधलेली चिकणमातीची पडदी.’ हे वाक्य लांब आहे. परंतु त्यात सर्व कारके हजर आहेत. वरचा शेतकरी त्यात आहे आणि खालचाही आहे. ग्रामसभेत या वाक्यावर वाद होईल हे उघड आहे. ‘विग्रह’ या शब्दाचा दुसरा अर्थ कलह असाच आहे. तो कलह भिंत बांधण्यापूर्वी, उघड्या जमिनीवर व्हावा, हेच इष्ट.

मराठवाड्यातच मलिक अंबराच्या काळातील नहरींचे उदाहरण उपलब्ध आहे. सतराव्या शतकात खडकी नगरास, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पाणी पुरवण्यासाठी भुईखालून खोदलेल्या त्या वाहिन्या जमिनीतील पाझर अडवीत नव्हत्या. तो गोळा करून पुढे पोचवीत होत्या. तेथेही पाणी एका ठिकाणाहून घेऊन दुसऱ्या ठिकाणी दिले जात होतेच. परंतु ‘नहर’ म्हटले की ती कोठून येते व कोठे जाते हे विचारावेच लागते. भिंतीच्या नावात तो प्रश्न विचारण्याची सक्ती नाही. म्हणून तो परिभाषेने घडवून आणला पाहिजे.

परिभाषाकारांपुढे येथे नवे शब्द पाडण्याचे काम फारसे नाही. मुरणे, जिरणे, झिरपणे, पाझरणे व गळणे ही क्रियापदे जालन्याच्या शिवारात आजही आपापल्या जागी वापरली जातात. त्यांचे परस्परभेद नोंदवून ते अहवाल, अभ्यासक्रम व फलक यांच्या भाषेत कसोशीने पाळणे एवढेच करावयाचे आहे. पदव्युत्तर अभ्यासकांनी एका पाणलोटातील वरच्या, मधल्या व खालच्या शेतकऱ्यांची पाण्याविषयीची वाक्ये संकलित करून त्यांतील क्रियापदांची छाननी केली, तर या लेखातील विधानांची परीक्षा होईल. एकाच ओढ्यावर वरच्या अंगास ‘मुरते’ आणि खालच्या अंगास ‘आटले’ ही क्रियापदे शेजारी शेजारी आढळली, तर त्या दोहोंच्या मध्ये भुईखाली काय आहे, हे विचारण्याचे धैर्य अभ्यासकाने ठेवावे.